गोव्याचे ०.३८६ टक्के आणि भाच्याचं करिअर

आमचा भाचा यंदा टी.वाय.ला आहे. गणेशचवथीला सगळे जमलेले असताना त्याने जाहीर करून टाकलं की पुढे एम.ए. इकॉनॉमिक्स करणार आणि जमलं तर पब्लिक फायनान्समध्येच काम करणार. भावोजींचं फोंड्यात हार्डवेअरचं दुकान, त्यांनी हातातली नेवरी खाली ठेवली आणि विचारलं, "तें करून तो कितें करतलो?" मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात ह्या लाइनीतला मी एकटाच. म्हणजे मी काही मोठा इकॉनॉमिस्ट वगैरे नाही हो, सरकारी खात्यात आयुष्यभर तक्ते भरले, वरच्यांच्या भाषणांसाठी आकडे काढून दिले आणि रिटायर झालो. पण उत्तर द्यायच्या आतच घुमट, आमचं ते मातीचं वाद्य, वाजायला लागलं, आरती सुरू झाली आणि विषय राहिला. तर भावोजी, हे तुमच्यासाठी, दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचा. थोडं लांबलंय.

टीव्हीवर सेन्सेक्स कुठे जाणार ते सांगणारे जे असतात त्यांना आपण इकॉनॉमिस्ट समजतो, त्यांचं सोडा. मी सांगतोय ते लोक वेगळे. सरकारने कोणाकडून किती घ्यायचं, घेतलेल्यातलं कोणाला किती द्यायचं आणि दिलेल्याचं झालं काय, हे तीन प्रश्न घेऊन बसलेले. हे लोक निवडून येत नाहीत, फार कोणाला ठाऊकही नसतात, पण त्यांनी बसवलेला एक फॉर्म्युला पाच वर्षं आख्ख्या राज्याचं बजेट हलवतो.

आपलंच उदाहरण घ्या. केंद्र जे कर गोळा करतं त्यातला वाटून द्यायचा जो भाग असतो त्यातले ४१ टक्के राज्यांना द्यावेत, असं १५व्या वित्त आयोगाने, म्हणजे केंद्र-राज्यांतली ही वाटणी सुचवणाऱ्या आयोगाने, २०२१ ते २०२६ साठी ठरवलं. त्या ४१ मधला गोव्याचा वाटा ०.३८६ टक्के. म्हणजे १०० रुपयांतले आपल्याला आले साधारण १६ पैसे. हे ऐकलं की आपल्याकडे लगेच सुरू होतं, बघा, दिल्लीवाले गोव्याला विचारतच नाहीत. आता हिशोब करून बघू. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साधारण १४ लाख ५८ हजार, देशाची १२१ कोटी, म्हणजे आपण देशाच्या ०.१२ टक्के. नुसती डोकी मोजून वाटप केलं असतं तर १०० मधले जेमतेम ५ पैसे आले असते. मग १६ कसे आले?

त्या फॉर्म्युल्यात लोकसंख्येला १५ टक्के वजन होतं, क्षेत्रफळाला १५, जंगलाला १०, लोकसंख्या आटोक्यात ठेवली म्हणून १२.५, करवसुलीच्या प्रयत्नांना २.५ आणि सगळ्यात मोठं वजन, ४५ टक्के, 'उत्पन्नातलं अंतर' ह्याला. राज्य जितकं गरीब तितके जास्त पैसे. दरडोई उत्पन्नात आपण देशात अगदी वरच्या नंबरात, त्यामुळे त्या ४५ मधून आपल्या वाट्याला जवळपास काहीच आलं नाही, आणि बिहारचा विचार केला तर ते बरोबरच आहे. आपल्याला तारलं ते क्षेत्रफळाने. गंमत म्हणजे गोवा आहे ३,७०२ चौरस किलोमीटर, देशाच्या ०.११ टक्के, मग क्षेत्रफळ कसं तारेल? तर आयोगाने एक सोय करून ठेवली होती की राज्य कितीही लहान असो, क्षेत्रफळाच्या हिशोबात त्याला कमीत कमी २ टक्के धरायचं. कारण विधानसभा, हायकोर्टाचं बेंच, सचिवालय, पोलीस हा खर्च राज्य लहान म्हणून त्या प्रमाणात लहान होत नाही. आपल्या १६ पैशांतले बहुतेक पैसे ह्या एका ओळीतून आले. एक ओळ! ती कोणी तरी सुचवली, कोणी तरी टेबलाशी बसून पटवून दिली, आणि पर्वरीत बसून बजेट मांडणाऱ्या कितीकांना तिच्याबद्दल माहीतही नसेल. भाच्याला करायचंय ते हे काम.

तो डॉ. विजय केळकरांचं नाव घेत होता. बरोबर माणूस धरलाय त्याने, पण त्यांचं करिअर नीट बघितलं तर त्यात आमच्या भाच्याला वाटतंय तसं सरळ काहीच नाही. केळकर मूळचे इंजिनियर, पुण्याच्या सीओईपीचे. मग अमेरिकेत मिनेसोटाला एम.एस. आणि बर्कलीला अर्थशास्त्रात पीएच.डी., १९७० मध्ये. आयएएस नव्हेतच, पण पेट्रोलियम सेक्रेटरी झाले, पुढे १९९८-९९ मध्ये फायनान्स सेक्रेटरी. तिथून आयएमएफमध्ये भारताच्या बाजूने एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, परत येऊन अर्थमंत्र्यांचे सल्लागार, मग १३व्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. २०११ ला पद्मविभूषण. बायोडाटा वाचताना वाटतं काय झकास चढत गेलाय माणूस. मला मात्र त्यांच्या रिपोर्टांचं पुढे काय झालं ते जास्त शिकवून जातं.

२००२ मध्ये त्यांच्याकडे करसुधारणेचं काम होतं. इन्कम टॅक्सबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं, करमाफीची मर्यादा १ लाखावर न्या, २० आणि ३० टक्के असे दोनच दर ठेवा आणि ह्या सगळ्या सवलती-वजावटी काढत चला. त्यात गृहकर्जाच्या व्याजाची वजावटही आली. झालं, देशभरच्या मध्यमवर्गाने डोक्यावर घेतलं, म्हणजे वाईट अर्थाने. आमच्या ऑफिसात तर ज्यांनी पर्वरीत, म्हापशात नुकते फ्लॅट बुक केले होते ते केळकरांचं नाव काढलं की लालच व्हायचे. रिपोर्ट गेला बाजूला. मग २००५ च्या बजेटमध्ये १ लाखाची मर्यादा हळूच आली. आणि सवलती सोडा, कमी दर घ्या, ही नवी पद्धत कधी आली? २०२० च्या बजेटमध्ये, तीही ऐच्छिक. अठरा वर्षं! आज फॉर्म भरताना न्यू रिजिम की ओल्ड रिजिम विचारतात ना भावोजी, त्या वादाचं बीज तिथलं.

जीएसटीचंही तसंच. २००४ च्या जुलैमध्ये एफआरबीएम, म्हणजे सरकारी तुटीला लगाम घालणाऱ्या, कायद्याची अंमलबजावणी कशी करायची ह्यावर केळकर टास्क फोर्सचा रिपोर्ट आला. विषय होता सरकारची तूट कमी कशी करायची, पण आत मांडलं होतं की देशभर एकच वस्तू-सेवा कर आणा. नंतर १३व्या वित्त आयोगाने त्याला 'ग्रँड बार्गेन', म्हणजे केंद्र-राज्यांतला मोठा सौदा, म्हटलं, राज्यांनी यावं म्हणून ५० हजार कोटींची भरपाई बाजूला ठेवा असं सुचवलं, आणि त्यांच्या टास्क फोर्सने दर काढून दिला १२ टक्के, ५ केंद्राचे, ७ राज्याचे, सगळ्या वस्तूंना एकच. प्रत्यक्षात १ जुलै २०१७ ला काय आलं ते तुम्ही भोगलंयच, ५, १२, १८, २८ आणि वर सेस. तुमच्या दुकानात सिमेंटला एक, पाइपला दुसरा असं करता करता तुमचा अकाउंटंट वेडा व्हायची पाळी. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून १२ आणि २८ चे टप्पे काढले, आता मुख्य ५ आणि १८, वर चैनीच्या आणि वाईट सवयींच्या गोष्टींना ४०. म्हणजे एकच दर म्हणणाऱ्याच्या दिशेने पाऊल पडलं, एकवीस वर्षांनी. ज्याला केलेल्या कामाचा रिझल्ट दोन-चार वर्षांत डोळ्यांनी बघायचाय त्याने ह्या फंदात पडू नये, सरळ सांगतो.

पण जीएसटीला शिव्या देताना भावोजी तुम्हीच एक विसरता. बेळगावहून माल घेऊन टेंपो चोर्ला घाट उतरायचा आणि केरीच्या नाक्यावर अडकायचा ते आठवतंय? एंट्री टॅक्सची कटकट, कागद कमी पडला की फोन तुम्हाला, ड्रायव्हर तिथेच चहा पीत बसलेला आणि इथे गिऱ्हाईक ताटकळत. तो टॅक्स जीएसटीने गिळला. पात्रादेवीला ट्रकांची जी रांग लागायची तीही त्यासाठी लागत नाही आता. पुढे महाराष्ट्राच्या हद्दीत बांद्याला गाडी उघडायला लावतात ती दारूसाठी, कारण दारू आणि पेट्रोल राज्यांनी जीएसटीच्या बाहेर हट्टाने ठेवलंय. आपली दारू स्वस्त ती त्यामुळेच, त्यावरचा कर अजून आपल्या हातात आहे.

आणि आपल्यासारख्या राज्याला जीएसटीचा एक मोठा फायदा आहे, तो फारसं कोणी बोलत नाही. हा कर माल जिथे बनतो तिथे पडत नाही, जिथे वापरला जातो तिथे पडतो. दिल्लीचा माणूस कळंगुटच्या हॉटेलात चार रात्री राहिला, बुकिंग त्याने दिल्लीत बसून मोबाइलवर केलं, तरी हॉटेलच्या खोलीवरच्या जीएसटीतला राज्याचा हिस्सा गोव्याचा, कारण खोली जिथे आहे ती जागा धरायची असा नियम. आधी सेवाकर होता तो केंद्र गोळा करायचं, आपल्याला थेट मिळायचा तो लक्झरी टॅक्स. वित्त आयोगापुढे आमचं दर वेळचं रडगाणं असायचं की साहेब, आमच्याकडे टूरिस्ट येतात, पाणी वापरतात, कचरा करतात, रस्ते झिजवतात पण जनगणनेत ते धरले जात नाहीत. त्याचे तक्ते मी स्वतः भरलेत. आयोगाची माणसं शांतपणे ऐकायची, मान हलवायची. निवेदनाने जे कधी पूर्ण झालं नाही त्यातलं थोडंफार ह्या नियमाने झालं.

जीएसटीचे दर ठरवणाऱ्या जीएसटी कौन्सिलमध्ये अजून एक मजा आहे. तिथे मतांत केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि प्रत्येक राज्याला सारखं मत. १५व्या वित्त आयोगाच्या हिशोबात ०.३८६ असलेला गोवा तिथे उत्तर प्रदेशच्या बरोबरीने बसतो! वापरतो का आपण ते मत? एकदा ठसठशीत वापरलं, २०२३ मध्ये कॅसिनोंवर पूर्ण रकमेवर २८ टक्के लावायचं ठरलं तेव्हा गोवा आणि सिक्कीमने म्हटलं की कॅसिनोच्या कमाईवर लावा, प्रत्येक चिपच्या दर्शनी किमतीवर नको. ऐकलं गेलं नाही. मला वैयक्तिक विचाराल तर राज्याने आपलं समान मत मांडवीतल्या त्या कॅसिनोच्या बोटींसाठी खर्च करावं ह्याचं काही कौतुक वाटलं नाही, पण असो, तो माझा राग.

कौन्सिलची ३७वी बैठक आपल्या पणजीत झाली होती, २० सप्टेंबर २०१९. त्या दिवशी सकाळीच अर्थमंत्र्यांनी इथे पत्रकार परिषद घेऊन कंपन्यांचा कर २२ टक्क्यांवर आणला आणि नव्या कारखान्यांचा १५ वर. शेअर बाजार एका दिवसात १९०० पॉइंटच्या वर उसळला, सगळीकडे वा वा. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडलं होतं. आता इकॉनॉमिस्टची नजर म्हणजे काय ते बघा. कंपन्यांचा कर हा राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या रकमेतला. तेव्हा राज्यांचा वाटा होता ४२ टक्के. म्हणजे जाहीर केलं दिल्लीने, टाळ्याही दिल्लीला, आणि खड्ड्याचे ४२ टक्के राज्यांच्या माथी, त्यात आपलेही थोडे, आणि हे सगळं पणजीतच बसून. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत सेन्सेक्सचा फोटो होता, हा हिशोब कुठे दिसला नाही मला.

केळकरांच्या आधीचे म्हणाल तर धनंजयराव गाडगीळ. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट उभी केली, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या मागे उभे राहिले आणि उतारवयात दिल्लीला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, १९६७ ला. त्याआधी पंचवार्षिक योजनेचे पैसे राज्यांना द्यायचे ते बरेचसे ज्याचं वजन त्याला, अशा थाटात. गाडगीळांनी १९६९ मध्ये फॉर्म्युला बसवला, ६० टक्के लोकसंख्येला, बाकी १०-१० मागासलेपणाला, करवसुलीला, चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे-वीज कामांना आणि खास अडचणींना. आपण तेव्हा केंद्रशासित, त्यामुळे ते आपल्याला लागू नव्हतं, १९८७ मध्ये घटक राज्य झालो तेव्हा ह्या सगळ्या रांगेत उभे राहिलो. नियोजन आयोग गेला तसा फॉर्म्युलाही गेला. आंबेडकरांचंही नाव इथे घेतलं पाहिजे खरं तर, ब्रिटिश काळात प्रांतांच्या तिजोऱ्या कशा चालायच्या ह्यावरच त्यांचा कोलंबियातला अभ्यास, आणि पुढे घटनेत वित्त आयोगाचं कलम २८० आलं. पण त्यावर लिहायला बसलो तर वेगळीच पोस्ट होईल.

आता इथे दिल्ली-पुणे सोडून आपल्या गावात या, कारण भाच्याला 'डेव्हलपमेंट पॉलिसी' म्हणजे आफ्रिकेत जाऊन काही तरी करायचं असतं असं वाटतंय, आणि मला तर त्याचा सगळ्यात अवघड धडा झुवारीच्या काठावर मिळाला. आईच्या गावचं खाजन बघितलंय त्याने, पण लहान होता. खाजन म्हणजे समुद्रसपाटीच्या खाली असलेली शेती, नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेली. चिखल, पेंढा, बाहेरून चिरे, असा तो बांध, आणि त्याला मध्ये मानस. मानशीची लाकडी दारं अशी बसवलेली असतात की भरतीला नदीचं पाणी रेटलं की आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतात. माणूस लागत नाही. मी लहानपणी तिथे तासन्‌तास बसलोय, दार मिटताना एक दबका धप्प आवाज होतो आणि फटींतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडत राहतात. आत खाऱ्याला दाद न देणारा कोरगूट तांदूळ पिकायचा.

आता हा बांध कोणाचा? सगळ्यांचा. आणि खर्च कोणी करायचा? इथेच सगळी पब्लिक फायनान्स आली. जुन्या गावकारीत, म्हणजे ज्याला पोर्तुगीज कोमुनिदाद म्हणत, शेतं लिलावाने कसायला द्यायची, आलेल्या पैशातून आधी बांध, देऊळ, गावची कामं आणि मग उरलं तर गावकारांना जोण, म्हणजे उरलेल्यातला वाटा. आधी बांध, मग जोण, हा क्रम. व्यवस्था काही सोवळी नव्हती, जोण मिळायचा तो ठराविक घरांतल्या पुरुषांना आणि जो चिखलात राबायचा त्याच्या हाती फारसं काही लागत नसे, म्हणून तिचे गोडवे गाणाऱ्यांचं मला कधी पटलं नाही. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळं मालक झाली. ते न्यायाचंच झालं. पण बांधाचं काय? तो आला कुळांच्या संघाकडे. आणि संघाकडे हमखास उत्पन्न कशाचं, तर मानशीवरच्या मासळीच्या लिलावाचं. आता ज्याने लिलाव घेतलाय त्याला हवं खारं पाणी, जितकं जास्त आत येईल तितकी सुंगटं (कोळंबी) जास्त. आणि ज्याचं भात आहे त्याला खारं पाणी नकोच. ज्या उत्पन्नावर बांध राखायचा तेच उत्पन्न बांधामागचं शेत मारतंय! मग शेत पिकेना, शेत पिकेना म्हणून मुलं वेर्ण्याच्या फॅक्टऱ्यांत गेली, बांधाकडे बघायला माणूस नाही, एका पावसाळ्यात तो फुटला आणि आता तिथे खारफुटी वाढलीय. त्यावर मग वेगळे नियम लागतात, तोडताही येत नाही.

ह्यात चोर कोणीच नाही. हे समजायला मला अर्थशास्त्र लागलं, नाहीतर मीही आयुष्यभर संघाच्या चेअरमनला शिव्या घालत बसलो असतो. मी खात्यात असताना ह्यावर एक नोट केली होती, की मानशीच्या लिलावातला ठराविक हिस्सा वेगळ्या खात्यात बांधासाठी आधी काढून ठेवावा आणि दार कधी उघडं ठेवायचं ते भात असलेल्यांच्या सहीने ठरावं. साहेबांनी 'चर्चा करावी' असा शेरा मारला. कोणी कोणाशी चर्चा करावी ते लिहिलं नव्हतं. फाइल अजून तिथेच असेल.

आणि तोच प्रश्न मोठ्या आकाराचा बघायचा तर खाणी. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा उसगाव, धारबांदोड्याकडे अंगणाअंगणात ट्रक उभे, टायरांमधून गवत वर आलेलं, हप्ते चालूच. त्या काळात सरकारच्या तिजोरीतही खड्डा पडला आणि सगळे म्हणायला लागले उत्पन्न बुडालं. पण रॉयल्टी हे उत्पन्न आहे का हो? लोखंड एकदा बोटीत भरून चीनला गेलं की परत डोंगरात उगवत नाही. घरातलं आजीचं सोनं विकून किराणा भरायचा आणि डायरीत 'कमाई' म्हणून लिहायचं, तसा सरकारी हिशोब. रॉयल्टी महसुली जमेत धरतात, त्यामुळे जितकं जास्त खणलं तितकं बजेट तंदुरुस्त दिसतं. गोवा फाउंडेशन ह्या पर्यावरणवादी संस्थेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत टाका म्हणून सांगितलं, पुढच्या पिढ्यांसाठी. मग २०१८ च्या फेब्रुवारीत खाणींचे ८८ लीझ रद्द झाले आणि मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. माझ्या मते १० टक्के फारच कमी, पण तत्त्व तरी मान्य झालं. नॉर्वे तेलाच्या पैशाचं हेच करतो आणि आपल्या गावकारीचा क्रमही हाच होता, आधी बांध.

त्याच २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ वर आणला, लिटरमागे साधारण ११ रुपये स्वस्त, सावंतवाडी-कारवारच्या गाड्या टाकी फुल करून जायच्या. शिवाय गृह आधार, लाडली लक्ष्मी ह्या पैसे देणाऱ्या योजना. लोक खूश, मीही स्कूटर घेऊन रांगेत होतो. पण त्याच वर्षी खाणी थांबल्या आणि पुढे व्हॅट टप्प्याटप्प्याने चढत गेला. योजना एकदा सुरू झाली की मागे घेता येत नाही, कर मात्र गुपचूप वाढवता येतो.

तर भाच्याला मी एक काम दिलंय. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. केळकरांच्या १३व्या आयोगाने पहिल्यांदा पंचायतींचा पैसा केंद्राच्या करांच्या टक्केवारीला जोडला, आणि १५व्या आयोगाने त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून टाकले. आता पुढच्या ग्रामसभेला जाऊन त्याने फक्त एवढं विचारायचं की ते ६० टक्के आपल्याकडे कशावर खर्च झाले. उत्तर मिळालं की ते खरं आहे का ते नळाला जाऊन बघायचं. ह्यात मजा वाटली तर ह्या लाइनीत यावं, कंटाळा आला तर बीएड करावं, त्यातही काही वाईट नाही.

राहता राहिलं भावोजींच्या मनातलं, जे त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं नाही. पगार. तर यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची वेगळी परीक्षा असते, इकॉनॉमिक्सचं पोस्ट ग्रॅज्युएशन लागतं, वय ३० च्या आत सर्वसाधारण गटाला, आणि सुरुवातीचं बेसिक ५६,१००, आयएएसचं असतं तेवढंच. रिझर्व्ह बँकेतही इकॉनॉमिस्ट वेगळे घेतात, ते त्याहून बरं देतात. जागा मात्र मोजक्या असतात आणि पोस्टिंग बहुतेक दिल्ली, तेव्हा ताईची आधी समजूत काढावी लागेल, ते काम तुमचं.